पाणसळ

अमेरिकेत जुनं पूल टेबल घ्यायला पैसे फारसे लागत नाहीत, माणसं लागतात. घर विकून लहान जागेत निघालेलं म्हातारं जोडपं, मुलं कॉलेजला गेल्यावर बेसमेंटमध्ये व्यायामाची यंत्रं मांडू पाहणारा बाप, असे लोक जाहिरात देतात: टेबल फुकट, उचलून न्यायचं तुमचं तुम्ही. घेताना त्यांनीच कधीकाळी हजारो डॉलर मोजलेले असतात. पण घराचा ताबा द्यायची तारीख ठरली की किंमत उतरत उतरत शून्यावर येते. शून्यावरही कुणी आलं नाही, तर तोडून नेणाऱ्याला पदरचे पैसे द्यायची पाळी येते. म्हणून फुकट न्यायला आलेल्याचं स्वागत चांगलं होतं. आम्हाला तर कॉफीही मिळाली.

आम्ही म्हणजे माझा मुलगा, सून आणि मी. मुलगा न्यू जर्सीत असतो. सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या बापाला दिवसभर कशात गुंतवायचं, हा तिथल्या बहुतेक मराठी मुलांपुढचा प्रश्न आहे. बाप सकाळी फिरून येतो, फोनवर मराठी पेपर वाचतो, चहा घेतो आणि साडेदहाला विचारतो, "आता काय?" माझी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये झाली. त्यामुळे "बाबा, टेबल बघायला येता का?" असं मुलाने विचारल्यावर मी एक टॉर्च आणि स्टीलची पट्टी घेतली आणि त्याच्या आधी गाडीत जाऊन बसलो.

विकणारा कापड आणि लाकूड दाखवतो, आणि घेणारा बहुधा तेवढंच बघतो. कोरीव पाय, कडेला जडवलेली शिंपल्याची नक्षी, चामड्याची पॉकेटं. मी सरळ गालिच्यावर उताणा झालो आणि टेबलाखाली सरकलो. मालक दचकले. पण अशा टेबलाची खरी हकिकत खालूनच कळते. चौकटीच्या आडव्या दांड्यांमधून वर बघितलं की एकतर राखाडी दगड दिसतो, नाहीतर तपकिरी दाबीव लाकूड. दाबीव लाकूड असेल तर कॉफीचे आभार मानून निघावं. ते एकदा ओल धरून फुगलं की कुणाच्याही बापाला परत सपाट करता येत नाही. इथे दगड होता. तीन तुकड्यांत, एक इंच जाडीचा, आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटावर खडूने घातलेला आकडा अजून वाचता येत होता.

हा दगड म्हणजे स्लेट. आपण ज्या पाटीवर मुळाक्षरं गिरवली तोच खडक. आपल्याकडे आंध्रातल्या मार्कापूरच्या पाट्या प्रसिद्ध होत्या; पूल टेबलासाठी नावाजलेला दगड इटलीच्या लिगुरियातल्या खाणींचा. आधी ही टेबलं लाकडी फळ्यांची असत. हवा बदलली की फळी वाकायची आणि बॉल आपल्या मनाने चालायचा. लंडनच्या जॉन थर्स्टनने १८२६च्या सुमारास लाकूड काढून दगड बसवला आणि तो प्रश्न मिटवला. स्लेटचा गुण असा की ती थरांत फुटते, त्यामुळे मुळातच तिचे ताव निघतात. घासली की चांगली सपाट होते, आणि पावसाळा आला म्हणून फुगत नाही. दोष एकच: वजन. आमच्या आठ फुटी टेबलाचा एकेक तुकडा सत्तर किलोच्या आसपास भरावा.

टेबल ब्रन्सविकचं होतं. ही कंपनी १८४५ मध्ये सिनसिनाटीत जॉन मोझेस ब्रन्सविक याने काढली. तो स्वित्झर्लंडहून लहान वयात अमेरिकेत आलेला, मूळचा बग्ग्या बनवणारा कारागीर. मालकांनी कंपनीचं नाव घेतलं तेव्हा माझा मुलगा फार खूश झाला. मी म्हटलं, नाव राहू दे, सांध्याला बोट लाव.

उचलायला मराठी मंडळातले चार मित्र आले. एकाने पाठीचा पट्टा बांधला होता, दुसऱ्याने आदल्या रात्री व्हिडिओ बघून ठेवले होते. टेबल खोलायची एक रीत आहे आणि ती उलटसुलट चालत नाही. आधी पॉकेटं, मग सहाही कडा, म्हणजे रबर बसवलेल्या लाकडी पट्ट्या. मग कापड, मग सांध्यातलं मेण खरवडून त्याखाली दडलेले स्क्रू. प्रत्येक कडेवर, प्रत्येक पायावर चिकटपट्टी लावून खूण करायची. कापडाच्या स्टेपल तर इतक्या, की त्या काढताना माणसाला अध्यात्म सुचावं. दगड मात्र कधीही आडवा उचलायचा नाही. उभा, धारेवर धरून, काचेचा ताव नेतात तसा न्यायचा. आडवा धरला आणि पायरीवर कुणाचा पाय अडला तर मधोमध तडकतो. आणि तीनपैकी एक तुकडा फुटला की नुसता तो एक आणून भागत नाही, कारण तिन्ही तुकडे एकत्र जुळवून घासलेले असतात.

"बाबा, तुम्ही हात लावू नका," हे वाक्य मला त्या दिवशी जितक्या वेळा ऐकवलं गेलं, तितकं नोकरीभर सुपरवायझरनेही ऐकवलं नव्हतं. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून नुसते हुकूम सोडले.

टूलरूममध्ये आमच्याकडे सरफेस प्लेट असायची. बिडाचा जाड पाट, हाताने स्क्रेप करून सपाट केलेला. शिकाऊ मुलांना तिथे एक गोष्ट पहिल्यांदा सांगत. दोन प्लेटा एकमेकींवर घासून बसवल्या तर त्या जुळतात, पण म्हणून सपाट असतात असं नाही. एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरीही जुळतातच. तिसरी आणून तिघींना आळीपाळीने ताडून पाहिलं की लबाडी उघडी पडते. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनियरने १८४० मध्ये ग्लासगोला वाचलेल्या निबंधात खऱ्या सपाट पृष्ठांचा हा विषय मांडला होता. आम्हाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी ती पद्धत आमच्या फोरमनची होती.

त्याच फोरमनने शिकवलेली दुसरी गोष्ट या टेबलाने मला नव्याने दाखवली. सपाट वेगळं आणि लेव्हल वेगळी. सपाटपणा हा वस्तूचा स्वतःचा. एकदा नीट घासून आणला की वस्तू उभी करा, तिरकी टेकवा, ट्रकमध्ये घाला, तो तिच्याबरोबर जातो. लेव्हल म्हणजे वस्तूने आपल्या पायाखालच्या जमिनीशी केलेला करार. जागा बदलली की करार संपला. ज्या घरातून आम्ही हे टेबल आणलं तिथे ते वर्षानुवर्षं अचूक उभं होतं. खाली घातलेल्या पाचरा त्या घराच्या मापाच्या होत्या. मुलगा त्या जपून पिशवीत घालत होता. मी म्हटलं, टाकून दे. दगड नेता येतो, लेव्हल नेता येत नाही. ती तुझ्या बेसमेंटमध्ये तुला नव्याने काढावी लागणार. वीस वर्षं त्या देशात काढलेल्या मुलाने यावर माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मी टेबलाबद्दलच बोलत होतो.

जुनी वस्तू दुरुस्त करताना खरा प्रश्न काय बदलायचं हा नसतो, काय बदलायचं नाही हा असतो. लोक आधी लाकडाला हात घालतात, कारण फोटोत ते दिसतं. घासतात, पॉलिश चढवतात, पाय काळेभोर करतात, आणि मग मेलेल्या रबरावर बॉल थड्ड करून आपटतो. आम्ही लाकूड ओल्या फडक्याने पुसलं आणि सोडून दिलं. ग्लासांचे दोन-चार गोल डाग आहेत. असू देत.

रबर मात्र गेलेलंच होतं. नखाने दाबलं तर बुटाच्या टाचेसारखा टणकपणा लागला. रबराची गंमत अशी की आधी ते आलं आणि मग ते सुधारलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कडांना पहिल्यांदा साधं रबर लावलं गेलं, तेव्हा थंडीत ते दगडासारखं व्हायचं, म्हणून खेळाआधी कडांना गरम पाण्याची भांडी लावून शेकत. गंधक घालून पक्कं केलेलं रबर १८४०च्या दशकात आलं तेव्हा कुठे हिवाळ्यातला खेळ नीट सुरू झाला. आता दुकानात पट्ट्या तयार मिळतात, पण आकार वेगवेगळे असतात, आणि जुन्याचं माप न घेता मागवलेली पट्टी म्हणजे परत पाठवायची पट्टी. रबराचं नाक बॉलच्या मध्याच्या थोडं वर लागावं लागतं. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, त्याच्या उंचीच्या साधारण ६३ टक्क्यांवर, म्हणजे ३६ मिलिमीटरला नाक. खाली राहिलं तर जोरात आलेला बॉल उडी मारतो, वर गेलं तर तो कापडात दाबला जाऊन दम सोडतो. तीन-चार मिलिमीटरची गोष्ट, पण टेबल चांगलं की वाईट हे तिथे ठरतं. मी पट्टी लावून सहाही कडा मोजल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, घरचं टेबल आहे, वर्ल्ड कप नाही." टूलरूमच्या माणसाला हे वाक्य समजत नाही.

कापडाच्या रंगावरून घरात दोन तट पडले. हिरवं हवं हे मुलाचं; हिरवाईवर काठीने चेंडू ढकलायचा खेळ घरात आला, तेव्हा गवताची आठवण म्हणून हिरवं कापड आलं असं सांगतात. सुनेला निळं हवं होतं, कारण आता टीव्हीवर तसं असतं. मला रंगाशी कर्तव्य नव्हतं, विणीशी होतं. आपण ज्याला बनात म्हणतो ते लव असलेलं लोकरी कापड बॉलला अडवतं. पिळदार सुताचं, लव नसलेलं कापड बॉल भरभर सोडतं आणि फाटतही उशिरा. बेल्जियममध्ये सिमोनिस नावाची गिरणी १६८० पासून कापड विणते आहे आणि पूल खेळणारे तिचं नाव घराण्याच्या गवयासारखं घेतात. निळं आलं. सुनेचं ऐकायचं असतं, हे मी पुण्याहूनच शिकून आलो होतो.

हे सगळं माझ्या बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे क्लबातले धंदे घरात कशाला?" आमच्या पिढीत हा खेळ जिमखान्याच्या आतल्या खोलीत, सिगारेटच्या धुरात खेळला जायचा, वाड्यातल्या माणसाने कॅरम खेळावा. आणि तरी वैयक्तिक खेळात भारताला पहिलं जगज्जेतेपद मिळवून दिलं ते पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सनी, १९५८ साली कलकत्त्याला, बिलियर्ड्समध्ये. हे मी तिला सांगितलं. "बरं," ती म्हणाली, "गोळ्या घेतल्या का?"

बॉल जुनेच ठेवले. फिनॉलिक रेझिनचे होते, कोमट पाण्याने धुतले आणि काचेसारखे निघाले. एके काळी हे बॉल हस्तिदंताचे असत. हत्ती पुरेनात, तेव्हा १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका टेबल कंपनीने पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. त्या नादाने जॉन वेस्ली हायट सेल्युलॉइडपर्यंत पोचला. पुढे त्यातून फिल्म, कंगवे, सगळं निघालं.

मग लेव्हल. बेसमेंटची फरशी काँक्रीटची, आणि ती मुद्दाम मोरीकडे उतरती केलेली, पाणी साचू नये म्हणून. डोळ्याला काही दिसत नाही. पाणसळ ठेवली की बुडबुडा भिंतीकडे पळतो. आधी नुसती लाकडी चौकट चारही पायांवर धरून लेव्हलला आणायची, मगच दगड. दगड चढला की चौकट जरा दबते, म्हणून पुन्हा बघायचं. मग मधला तुकडा, मग दोन टोकांचे, त्यांच्याखाली पातळ पाचरा. इथे जुन्या कारागिरांची युक्ती कामाला येते: खेळायचे पत्ते. एक पत्ता साधारण पाव मिलिमीटर आणि सगळे सारख्या जाडीचे. आमच्या टेबलाखाली किलवरची दुरी आणि इस्पिकचा गुलाम कायमचे मुक्कामाला आहेत. त्या कॅटमध्ये आता झब्बू होत नाही.

स्पर्धेच्या टेबलासाठीचा नियम मला आवडला. लांबीत ०.०२० इंच आणि रुंदीत ०.०१० इंच, यापेक्षा जास्त उंचसखलपणा चालत नाही. टूलरूमच्या हिशेबाने ही फार ढिली मापं, पण नऊ फूट दगडाला ती शरमेची नाहीत. आमच्याकडे मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी पाणसळ होती. तसली इथे लावली असती तर मी टेबलाला टेकलो तरी बुडबुडा हलला असता आणि काम कधीच संपलं नसतं. किती अचूक व्हायचं हे हत्याराने ठरवू नये. सांध्यावरून नख फिरवलं. अडकलं नाही. मग मेणबत्तीसारखी वडी घेऊन मधमाशीचं मेण सांध्यात वितळवलं, गार झाल्यावर पटाशी आडवी धरून खरवडलं, आणि तीन तुकड्यांचा एक दगड झाला.

जुन्या कापडाखाली, एका कोपऱ्यात, पेन्सिलने लिहिलेली तारीख आणि आद्याक्षरं होती. आधीच्या कारागिराची. ही त्या धंद्यातली पद्धत आहे, पुढच्याला कळावं म्हणून. नातीने विचारलं, आपण पण लिहायचं? तिने क्यूला लावायचा निळा खडू आणला, पण त्याने काही उमटेना. उमटणार कसं, तो खडू खडूचा नसतोच. १८९७ मध्ये विल्यम स्पिंक्स नावाच्या खेळाडूने एका रसायनतज्ज्ञाबरोबर पेटंट घेतलं, तेव्हापासून त्यात खरखरीत भुकटी असते, क्यूचं टोक घसरू नये म्हणून. शेवटी शाळेचा पांढरा खडू सापडला. तिने रविवारच्या मराठी शाळेत शिकलेला 'श्री' मोठ्या दगडभर काढला, रफारासकट काहीतरी जास्तीचं जोडून. वरून मी तारीख टाकली आणि दुपारी कापड ताणलं. ताणायला दोघं लागतात, आणि दोघांचं भांडण झाल्याशिवाय ते नीट ताणलं जात नाही.

पहिल्या महिन्यात खेळणं बरंच झालं. मग गणपती आले. प्लायवुडचे दोन ताव कापून टेबलावर घातले, वर पांढरी चादर, आणि त्यावर मोदकांपासून मसालेभातापर्यंत सगळे ट्रे. जिन्यातून उतरणारा प्रत्येकजण विचारायचा, एवढं मोठं बुफे टेबल कुठून आणलंत? सून मनापासून हसली. टेबल तिला त्या दिवशी पटलं. मुलगा मात्र आमटीचं पातेलं टेबलाच्या कोणत्या टोकाला आहे यावर नजर ठेवून बसला होता. वर्षातले जितके दिवस त्यावर क्यू चालेल त्यापेक्षा जास्त दिवस डाव चालेल, हे मला दिसत होतं. माझी हरकत नाही. दगडाचीही नसावी.

मी दिवाळीला पुण्याला परतलो. परवा रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे थंडी सुरू झाली आहे, बेसमेंटमधली हवा कोरडी पडली आहे, आणि हळू सोडलेला बॉल डावीकडे वळतो आहे म्हणाला. त्याने स्वतः पाणसळ विकत आणली होती. फोन तिच्यावर धरला. बुडबुडा उजवीकडची रेघ ओलांडून गेला होता.

"म्हणजे उजवी बाजू वर. बरोबर ना, बाबा? डावीकडे एक पत्ता घालू?"

"घालू नकोस. आधी पाणसळ उचल, टोकं उलटी कर आणि त्याच जागी ठेव. बुडबुडा परत त्याच भिंतीकडे गेला तर टेबल हललंय. दुसऱ्या भिंतीकडे गेला तर टेबलाला हात लावायचा नाही, पाणसळ दुकानात परत द्यायची."